भिंतीवरच्या माणसांबद्दल, मनूला

प्रिय मनू,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीच्या मागची भिंत बघून तू विचारलंस, "भिंतीवर यायला मरावं लागतं का?" आजी हसली, मी विषय बदलला. नंतर जेवताना तू सहज म्हणालास की आपल्या घरात तर कुणाचाच फोटो नाही. ते मला लागलं.

तुझं म्हणणं बरंचसं खरं आहे. सांगलीच्या घरी सोप्यातल्या भिंतीवर जिवंत माणसाला जागा मिळायची ती लग्नाच्या फोटोत. बाकी सगळे चंदनाच्या हारातले. एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे, तो धुऊन आणायला वेगळे पैसे, आणि कॅमेरा घरात यायचा तो लग्नकार्यालाच. माणूस गेलं की मग फोटोची शोधाशोध.

पणजीचंच बघ. तिचा एकटीचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. ती गेल्यावर बेबीआत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला वेगळं काढून मोठं करून घेतलं. स्टुडिओवाल्याने पदराचे काठ ब्रशने रंगवले, कुंकू ठसठशीत केलं. पुढच्या वेळी जवळून बघ, तिच्या डाव्या खांद्यावर कुणाची तरी दोन बोटं राहून गेलीयेत. अक्का म्हणते ती माईची, आत्या म्हणते शेजारच्या काकूंची. अजून मिटलेलं नाही.

लहानपणी मी त्या फोटोला घाबरायचे. रात्री पाणी प्यायला उठले की मान खाली घालून जायचे. पण दहावीचा निकाल लागला तेव्हा तात्यांनी पेढ्यांचा पुडा आधी तिच्यापुढे ठेवायला लावला आणि म्हणाले, "सांग तिला." मी मोठ्याने टक्के सांगितले. त्यात देवधर्म काही नव्हता. घरातल्या थोरल्या बाईला बातमी द्यायची, एवढंच.

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ची. मी इथून रात्ररात्र फोन लावत होते. आजीने कागदपत्रांबरोबर भिंतीवरचे फोटोही माळ्यावर चढवले, अल्बम मात्र कपाटात राहिले. पाणी ओसरलं तेव्हा रंगीत फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, चिकटलेले तसेच वाळले की सुटत नाहीत. बेबीआत्याने ते स्वच्छ पाण्याच्या बादलीत भिजत ठेवून एकेक सोडवला आणि सावलीत चटईवर पसरला. माझ्या बारशाचा वाचला. गॅदरिंगचे सगळे गेले.

तेव्हा कागद टिकतो असं मी तुला सांगणार नाही. फोनमधले सुरक्षित आहेत हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण फोनमधला फोटो बघायला आधी त्या माणसाची आठवण व्हावी लागते. भिंतीवरचा येता-जाता दिसतो, आठवण नसतानाही. पणजी माझ्या जन्माआधीच गेली, तरी तुझं नाक तिच्यावर गेलंय हे तू पाळण्यात होतास तेव्हाच मला कळलं. ते शिकायला मी कुठे गेले नव्हते. रोज तिच्यासमोरून ये-जा होती.

म्हणून वाटतं, मरावं लागू नये. गेल्या दिवाळीत आजी परातीत भडंग कालवतेय आणि तू मूठभर पळवलंस म्हणून हसतेय, तो छापून आणूया का? ती असताना. भाड्याच्या भिंतीला खिळा मारता येत नाही, पण पुस्तकांच्या कपाटावर जागा आहे. तुला दुसरा आवडत असेल तर तो निवड. तुझ्या खोलीत नको असेल तर स्वयंपाकघरात ठेवू, माझा आग्रह नाही. फक्त मागे पेन्सिलीने कोण, कुठे, कधी हे तू लिही, मराठीत. अडलं तर मला विचार.

तुझी,
आई