आजीच्या फोनवरचा सण

मनू बाळा,

परवा ६ फेब्रुवारीला वसईहून आजीचा फोन आला. "आज आपल्या गोन्सालोचा सण," असं ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "त्याला तर मारलं होतं ना? मग सण कसला?" मी गाडी चालवत होते, समोर बर्फ पडत होता, 'नंतर सांगते' म्हणून वेळ मारून नेली. आता लिहूनच देते.

गोन्सालो गार्सिया म्हणजे आपल्या वसईचा मुलगा. (एकेरीतच लिहिते, आजीही तसंच बोलते.) बाप पोर्तुगीज, आई तिथलीच, कोकणातली. जन्म १५५६च्या सुमाराचा. कोवळ्या वयातच तो जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. त्यांच्या संघात जायची त्याची फार इच्छा होती, पण त्यांनी काही घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला, आणि पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. फादर नव्हे, ब्रदर, म्हणजे संघातला, पण पाद्री नसलेला. आपल्याकडे पुष्कळजण चुकून फादर म्हणतात.

१५९३ला फ्रान्सिस्कन लोक जपानला गेले, तेव्हा दुभाषा म्हणून तोच बरोबर होता. तीन वर्षांनी एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. आधी पाद्री येतात, मागून फौज येते, असा संशय तिथला सत्ताधीश हिदेयोशी याला आला आणि त्याने धरपकडीचा हुकूम सोडला. क्योतोत पकडलेल्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. जवळजवळ महिनाभर. वसईतला माणूस, जिथे जानेवारीतही स्वेटर कपाटातून क्वचितच निघतो! ५ फेब्रुवारी १५९७ला निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यातला लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता, तुझ्याएवढा. हे तुला सांगावं की नाही, यातच माझे दोन दिवस गेले.

मारलं ५ला, सण मात्र ६ला. कारण ५ तारीख आधीपासून संत आगाथाची आहे.

आता तुझा खरा प्रश्न. संतांचा सण बहुतेक त्यांच्या मरणाच्या दिवशीच असतो. जुन्या लॅटिन याद्यांत त्या दिवसाला चक्क 'जन्मदिवस' म्हटलंय, स्वर्गातला. मदर तेरेसांचा सण ५ सप्टेंबरला, त्या १९९७ला गेल्या तोच दिवस. गोव्यात आपण ज्याच्या फेस्ताला गेलो होतो तो फ्रान्सिस झेवियर, त्याचा ३ डिसेंबरही तसाच. योहान बाप्तिस्ता आणि मरियामाता यांचे जन्मही साजरे होतात, पण असे अपवाद थोडेच.

तुला हे विचित्र वाटलं, कारण इथे शाळेत फक्त वाढदिवस होतात. मराठी माणसाला वाटू नये. देहूला तुकाराम बीज म्हणजे तुकोबा वैकुंठाला गेले तो दिवस. आळंदीला कार्तिकात गर्दी लोटते ती ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या दिवसासाठी. पुण्यतिथीला आपण रडत बसत नाही, कीर्तन करतो आणि पंगत वाढतो. आजी चर्चला जाते आणि शेजारच्या काकू आळंदीला, पण 'सण कसला?' असं दोघींपैकी कुणीच विचारणार नाही.

फरक आहे तो संत ठरवण्यात. तुकोबांना संत म्हणायला कुणाची सही लागली नाही. गोन्सालोचं प्रकरण मात्र रोमला गेलं: १६२७ला त्याला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवलं आणि १८६२ला संत. मरणानंतर २६५ वर्षांनी! भारतात जन्मलेला तो पहिला संत, आणि त्यानंतरच्या, केरळच्या अल्फोन्सा, थेट २००८मध्ये. मला विचारशील तर इतकी वर्षं वाट पाहायला लावणं मला जरा जास्तच वाटतं, पण हे आजीसमोर बोलू नकोस.

रविवारी आंबवलेल्या पिठाचे फुगे तळू या, सणाचे, उशिरा का होईना. पीठ शनिवारी रात्रीच भिजवायला लागेल. आजी ताडी घालते, आपल्याला इथे यीस्टवर भागवावं लागेल. नारळाचं दूध किती घालायचं ते मात्र तूच तिला फोन करून विचार. मला सांगते तेव्हा नेहमी 'अंदाजाने' म्हणते.

तुझी,
आई