महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपमध्ये नेमकं कोणतं इंजिन आहे हे कसं ओळखायचं, आणि बदलायचंच झालं तर कोणतं टाकावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: १९९१ ची एमएम ५४० घेतली, विकणारा म्हणतो मूळचं प्युजो (फ्रेंच कंपनीचं डिझेल इंजिन) आहे, मेकॅनिक म्हणतो कुणीतरी डीआय (महिंद्राचं डिझेल इंजिन) टाकलंय. गाडी धूर काढते, म्हणून दुसरं इंजिन बसवायचा विचार आहे. या जीपांवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आत्ता आहे ते इंजिन कोणतं, हे पक्कं होईपर्यंत दुसरं बघायला जाऊ नका.

आधी आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) घनक्षमतेचा, म्हणजे सीसीचा, रकाना बघा. २११२ असेल तर गाडी कारखान्यातून प्युजोचं एक्सडीपी ४.९० घेऊन निघाली आहे. एमएम ५४० चं ओळखीचं इंजिन तेच, ६२ हॉर्सपॉवरचं. २४९८ म्हणजे प्युजोचंच एक्सडी३पी, जे महिंद्राच्या आर्माडा गाडीतही होतं. २५२३ म्हणजे महिंद्राचं एमडीआय २५००, ज्याला सगळे नुसतं डीआय म्हणतात. पण आरसीवर जे लिहिलंय तेच बॉनेटखाली असेल याची खात्री नाही. तीस-पस्तीस वर्षांत ही गाडी किती हातांतून गेली असेल कोण जाणे.

म्हणून बॉनेट उघडा आणि हेडकडे बघा. प्युजोची दोन्ही इंजिनं इनडायरेक्ट इंजेक्शनची (डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत फवारलं जातं), त्यामुळे प्रत्येक सिलेंडरला हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना ती खोली तापवणारा) असतो. वायर किंवा पट्टीने जोडलेले चार प्लग दिसले तर प्युजोची शक्यता मोठी. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जातं, त्याला हे प्लग लागत नाहीत. आवाजातही फरक कळतो: आयडलला डीआय जास्त ठोकतं आणि सगळी बॉडी हलवतं, प्युजो त्यामानाने मऊ चालतं.

मग इंजिन नंबर. तो ब्लॉकवर सपाट केलेल्या पट्टीवर ठोकलेला असतो आणि वर तेल-मातीचा थर बसलेला असतो. इथे घाई करू नका. ग्राइंडर, पॉलिश पेपर किंवा लोखंडी ब्रश अजिबात लावायचा नाही; नंबर पुसट झाला की पुढचा सगळा त्रास तुमचा. डिझेल किंवा रॉकेलमध्ये कापड भिजवून थर मऊ करा, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करून वर पांढरा खडू आडवा फिरवा. आकडे उठून दिसतात. पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. आकडे वाकडेतिकडे, कमी-जास्त खोल किंवा आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर पुढचा एक रुपयाही खर्च करण्याआधी विकणाऱ्याला गाठा.

कधी हेड उघडायची वेळ आलीच तर व्हर्नियरने शंकाच मिटते. बोअर (सिलेंडरचा व्यास) ९० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३ असेल तर एक्सडीपी. ९४ आणि ९० असेल तर एक्सडी३पी. ८८.९ आणि १०१.६ आलं तर डीआय. हे शेवटचे आकडे विचित्र वाटतात, पण ते साडेतीन इंच आणि चार इंच आहेत. या इंजिनाचं मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनात आहे.

आता बदलण्याचं. प्युजो निघालं तर माझं स्पष्ट मत: तेच ओव्हरहॉल करा, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदला. धूर म्हणजे इंजिन संपलं असं नसतं. काळा धूर असेल तर आधी नोझल, पंपाचं टायमिंग आणि एअर फिल्टर बघा. निळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाईड. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजल्याशिवाय निर्णय घेऊच नका. जास्त ताकद हवीच असेल तर एक्सडी३पी हा सगळ्यात सरळ रस्ता, कारण घराणं तेच आणि जोडणीची ओढाताण कमी.

डीआयचं आकर्षण मला समजतं. खालच्या आरपीएमला चांगली ओढतात, कुठलाही मेकॅनिक हात घालतो, पार्ट सहज मिळतात. पण तुमची क्राउन-पिनियन (चाकांच्या दांड्यातली दात्यांची जोडी, जिच्या रेशोवर प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरतं ते ठरतं) कोणती आहे ते आधी बघा. गिअर न्यूट्रलला ठेवा, पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, ते पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. साधारण पाच आणि एक तृतीयांशाच्या थोडं वर आला तर ती जुन्या जीपांमधली ५.३८ आहे. ६.००-१६ च्या टायरवर टॉप गिअरला ताशी ८० ला इंजिन ३,२०० च्या पुढे जातं. प्युजोला ते जमतं, डीआयचा तिथे दम संपतो. म्हणजे डीआय टाकायचं तर क्राउन-पिनियनही बदलायची, पुढची आणि मागची दोन्ही, आणि एकाच रेशोची. रेशो वेगळे राहिले तर फोर बाय फोर लावताच कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) कण्हायला लागेल.

टेम्पोचं ओएम६१६ किंवा अ‍ॅम्बेसेडरचं दोन लिटर इसुझू बसवलेल्या जीपाही फिरतात. दोन्ही इंजिनं चांगली आहेत. पण गिअरबॉक्सशी जुळवायला अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते, आणि ती क्रँकच्या केंद्राशी तंतोतंत नसेल तर इनपुट शाफ्टची बेअरिंग खात राहते. जो कारागीर डायल गेज (बारीक फरक दाखवणारा काट्याचा मापक) लावून हे तपासत नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका. सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) आणि पुढचा अ‍ॅक्सल यांच्यातली जागा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पूर्ण दबलेले असताना मोजायची, गाडी उभी असताना नाही. ब्रेकचा व्हॅक्यूम पंपही विसरू नका. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या धाटणीच्या डिझेल) इंजिनाच्या मी विरोधात आहे: इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर, आणि घाटात बंद पडली तर पान्हा कामाला येत नाही.

कागदांचा मुद्दा सगळ्यात जड आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन असेल तर आरटीओकडे आधी अर्ज करून आरसीवर नवा नंबर चढवता येतो. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं केव्हाच झाली आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि प्रत्येक वेळी नंबरची तपासणी. अपघात झाला तर विमा कंपनीही तोच नंबर बघते.

म्हणून भंगारातून इंजिन उचलताना पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत व नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. विक्रेता हे द्यायला टाळाटाळ करत असेल तर इंजिन कितीही गुळगुळीत चालत असलं तरी तिथेच सोडून या.