उचल घेऊन कंत्राटदार गायब : फोडाफोडीआधी काय करावं?

प्रश्न : जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूम नव्यानं करायचं काम आम्ही ओळखीतल्या एका कंत्राटदाराला दिलं. लेखी करार नाही, व्हॉट्सॲपवर आलेलं कोटेशन तेवढं आहे. "माल उचलायचाय" म्हणत त्यानं पाऊण रक्कम घेतली, काही यूपीआयनं, काही रोख. काम निम्मंही झालेलं नाही. एका बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपतंय. आता तो म्हणतो, आणखी पैसे टाका, मगच माणसं पाठवतो. दुसऱ्याकडून काम करून घेऊ का?

उत्तर : घ्या, पण लगेच नाही. आणि या माणसाला आता एक रुपयाही देऊ नका. झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे त्याच्याकडे आधीच गेले आहेत. आणखी दिलेत तर परत येण्याचं उरलंसुरलं कारणही संपेल.

लेखी करार नाही म्हणून खचून जाऊ नका. भारतीय करार कायदा, 1872 नुसार तोंडी करारही बंधनकारक असतो. तुमच्याकडे तर कोटेशन, संदेश आणि बँकेच्या नोंदी आहेत. अडचण आहे ती रोख रकमेची. त्यासाठी आजच त्याला तारीखवार संदेश पाठवा : "अमुक दिवशी इतके रोख दिले, हिशेबात धरलेत ना?" त्याचं नुसतं "हो" आलं तरी मोठं काम होईल. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रासह हे संदेश पुरावा म्हणून दाखल करता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा कंत्राटदार आला की पहिल्याच दिवशी टाइल्स फोडतो, आणि तुमचा पुरावा मलब्यात जातो. खराब वॉटरप्रूफिंग कोणाचं होतं, हे मग कशानं दाखवणार? म्हणून आधी एखाद्या त्रयस्थ सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. पाहणीचा दिवस आणि वेळ कंत्राटदाराला लेखी कळवा. तो आला नाही तरी पाहणी उरका. अहवालात कोटेशनमधल्या प्रत्येक बाबीपुढे किती काम झालं, त्याची किंमत काय, दोष कोणते आणि ते दुरुस्त करायला किती खर्च येईल, हे हवं. खालच्या घराच्या छताचेही फोटो घ्या. गळती मात्र पाहणी होताच थांबवा. नुकसान वाढू दिलंत तर टाळता आलं असतं तेवढ्याची भरपाई करार कायद्याच्या कलम 73 खाली मिळत नाही.

मग स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. पंधरा दिवसांत काम सुरू करा, नाहीतर करार रद्द समजून दुसऱ्याकडून करून घेऊ आणि झालेल्या कामाची किंमत वजा जाता उरलेली रक्कम, जास्तीचा खर्च आणि खालच्या घराची भरपाई तुमच्याकडून वसूल करू, असं स्पष्ट लिहा. नव्या कामाची बिलं जपून ठेवा.

त्यानं दाद दिली नाही तर ग्राहक आयोग. राहत्या घरासाठी पैसे मोजून सेवा घेतली, म्हणजे तुम्ही ग्राहक आहात. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती "आज येतो, उद्या येतो" ऐकण्यात घालवू नका. रेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, जाऊ नका, स्वतःच्या घराची दुरुस्ती त्या कायद्याखाली येत नाही. पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा नोंदवायला फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दिसावं लागतं. त्यानं काही काम केलेलं असल्यानं तुमच्या बाबतीत ते अवघड आहे. पण टाइल्सचे म्हणून घेतलेले पैसे दुकानात पोचलेच नसतील, तर ती बाब तक्रारीत जरूर मांडा.

नव्या कंत्राटदाराशी मात्र साध्या कागदावर का होईना, सहीचा करार करा. उचल थोडीच द्या, पुढचे पैसे टप्प्यानं, तो टप्पा डोळ्यांनी पाहून. टाइल्स आणि नळ स्वतः, तुमच्या नावाच्या बिलावर विकत घ्या. वॉटरप्रूफिंगचे पैसे देण्याआधी दोन दिवस पाणी साठवून खाली ओल येते का बघा. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायचं कलम करारातच घाला.