तांब्या, दोन वाट्या आणि ओहोटीची वेळ

सुट्टी जवळ आली की लहान मुलांच्या आईवडिलांची पत्रं वाढतात. मूल घरात कंटाळतं, खेळणी कितीही आणली तरी पुरत नाहीत आणि बाहेर न्यायचं तर खर्च परवडत नाही, अशी तक्रार बहुतेक पत्रांत असते. त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत. बालवाडीत मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसून इतकी वर्षं जे पाहिलं, त्याच्या आधाराने उत्तरं देते आहे.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. वाढदिवसाला आलेल्या खेळण्यांनी कपाट भरून गेलंय, पण एकाही खेळण्याशी ती पाच मिनिटं रमत नाही. टोपली उपडी करते आणि माझ्या मागे स्वयंपाकघरात येते. तिचं लक्ष लागत नाही, असं समजायचं का? (एक आई, पुणे)

तिच्या लक्षाची काळजी करू नका. एवढ्याशा मुलीसमोर चाळीस वस्तू एकदम आल्या तर ती त्या उपड्याच करणार, त्या ढिगाचं तिला दुसरं काही करता येत नाही. आज ती झोपली की पाच-सहा खेळणी बाहेर ठेवा : लाकडी ठोकळे, एक बाहुली, चेंडू, एखादं चित्रांचं पुस्तक. बाकीची जुन्या चादरीत बांधा आणि बोचकं माळ्यावर टाका. पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. विसरलेली खेळणी नव्यासारखी होऊन खाली येतात. बटण दाबलं की गाणारी आणि नाचणारी खेळणी मात्र मी शेवटच्या बोचक्यात बांधेन. सगळं काम तीच करतात, मुलीच्या हाताला काही उरत नाही.

आणि ती स्वयंपाकघरात येते, हे तर फारच चांगलं. उद्या सकाळी एक जुना पंचा पसरा. त्यावर अर्धा भरलेला लहान तांब्या, दोन वाट्या आणि एक फुलपात्र ठेवा. कसं खेळायचं ते सांगू नका.

आमच्या बालवाडीत एक मुलगा होता, तुमच्या मुलीच्याच वयाचा. पहिल्या दिवशी त्याने तांब्या सरळ पालथा केला, सगळं पाणी पंच्यावर. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी धरून तो हळूहळू तिरका केला. धार वाटीतच पडते आहे ना, हे बघताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. चौथ्या दिवशी वाटी काठोकाठ भरायच्या जरा आधी तो आपणहून थांबला. 'पुरे' असं कुणीही म्हटलं नव्हतं. मग ती भरलेली वाटी त्याने फुलपात्रात ओतली आणि आत डोकावला. फुलपात्र अर्धंसुद्धा भरलं नव्हतं. त्याने रिकामी वाटी उलटी करून बघितली, पुन्हा फुलपात्रात बघितलं. राहिलेलं पाणी कुठे गेलं, हे तो शोधत होता. त्या दिवशी तो अर्ध्या तासाहून जास्त वेळ तिथून उठला नाही. भांडं मोठं असलं की तेवढंच पाणी कमी दिसतं, हे मी त्याला सांगून टाकलं असतं तर त्याचा शोध तिथेच संपला असता.

पाण्याला कंटाळली की डब्यांची झाकणं मिसळून द्या, कुठलं कशाला बसतं ते तिला लावू दे. पोळ्या करताना कणकेचा एक गोळा तिच्या हातात द्या. एक पथ्य मात्र कडक पाळा : पाण्याशी खेळताना तिला एकटं सोडायचं नाही आणि न्हाणीघरात भरलेली बादली ठेवायची नाही. इतकं लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं.

प्रश्न : जत्रेत पन्नास-शंभर रुपयांत भरपूर खेळणी मिळतात. मुलं हट्ट करतात आणि आम्हालाही तेवढंच परवडतं. पण ती घ्यावीत की नाही, याची धाकधूक वाटते. (एक बाबा, सोलापूर)

खेळणं स्वस्त आहे म्हणून वाईट नसतं, आणि महाग आहे म्हणून सुरक्षितही नसतं. कारखान्यात तयार होणाऱ्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते आधी बघा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या नियमातून सूट आहे. त्यामुळे लाकडी भोवरा किंवा सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी फळांवर शिक्का दिसला नाही, तर तेवढ्यावरून घाबरू नका. ओलं बोट घासल्यावर रंग लागला, तर मात्र ते खेळणं परत ठेवा, कारण लहान मूल ते तोंडात घालणारच.

सगळ्यात जास्त भीती बटणासारख्या चपट्या बॅटरीची बाळगा. चमकणाऱ्या अंगठ्या, बोलणारी पुस्तकं, लहान रिमोट यांत ती असते. गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घरात आणू नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. छोटी लोहचुंबकं अशीच घातक. दोन गिळली गेली तर आतड्याला चिमटा बसतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. तीन वर्षांखालच्या मुलासमोर गोट्या, मणी, चिंचोके नकोतच.

आणि गुंजा. लाल-काळ्या, इतक्या सुंदर की मुलं हटकून वेचतात. त्या अतिशय विषारी असतात. आजीच्या बटव्यात असतील तर त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलासाठी रविवार एवढाच मिळतो. तो साडेचार वर्षांचा आहे. मॉलमधल्या खेळघरात तासाभरात पैसे संपतात आणि निघताना तो रडतोच. कमी खर्चात कुठे न्यावं? (एक आई, कल्याण)

लोकलने भायखळ्याला जा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. रविवारी सकाळच्या गाडीत खिडकीही मिळते, आणि त्या वयाच्या मुलाची सहल खिडकीपाशीच सुरू होते. स्टेशनं मोजायची, खाडी आली की हाक मारायची, शेजारून जलद गाडी सुटली की कोण पुढे ते बघायचं. भायखळ्याला पूर्वेला उतरून चालत गेलात की राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. दार उघडायच्या सुमारास पोचा. उशीर केलात तर गर्दीत त्याला माणसांच्या पाठीच दिसतील. (पुढे कधी आडवारी सुट्टी मिळालीच तर लक्षात ठेवा, बाग बुधवारी बंद असते.)

एकाच दिवसात सगळी बाग दाखवायला जाऊ नका. मोठ्यांना वाटतं पैसे वसूल व्हायला हवेत, आणि मग पोराला हाताला धरून एका पिंजऱ्यापासून दुसऱ्याकडे ओढत नेलं जातं. त्याला दोनच गोष्टी नीट बघू दे. पेंग्विन तो मागेलच. 2016 साली दक्षिण कोरियातून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन आणि त्यांची इथेच जन्मलेली पिल्लं तिथे आहेत. जमिनीवर ते कसे डुलत चालतात आणि पाण्यात शिरल्यावर त्यांचं काय होतं, एवढंच त्याला विचारा. घरी आल्यावर तो तसं चालून दाखवेल.

दुसरी गोष्ट मी सुचवते. बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 साली सुरू झालेलं. त्याच्या बाहेरच्या बाजूला एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. 1914 साली ते तुकडे जोडून त्याला इथे उभं केलं. साडेचार वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगून बघा. मोडलेली वस्तू जोडता येते, यावर त्या वयात विलक्षण श्रद्धा असते. हत्ती कुठे कुठे जोडलाय, ते सांधे तो शोधत राहील. संग्रहालय उघडं असेल तर आतली मातीची छोटी माणसं बघा, आपापला धंदा करत असलेली. कुणाच्या हातात काय आहे, हे ओळखायचा खेळ होतो.

डबा घरचा न्या. दोन तासांत परत फिरा, तो दमायच्या आत. रडणं बहुतेक वेळा दमल्यामुळे असतं. आणि महिन्याभराने पुन्हा तिथेच जा. मोठ्यांना 'तेच तेच' वाटतं, मुलाला मात्र 'माझा हत्ती' भेटतो.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. शेजारच्यांनी अक्षरांची कार्डं आणि शैक्षणिक खेळण्यांचा महागडा संच घेतलाय, त्यांच्या मुलाला एबीसीडी पाठ आहे. आमचा अंगणवाडीत जातो. तो मागे पडेल का? (एक बाबा, लातूर जिल्हा)

दादा, अंगणवाडीत जातो म्हणून कमीपणा मानू नका. या शब्दाच्या मागे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञ आहेत. ताराबाईंनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरी पद्धतीची विकतची साधनं गावात परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं केली. लहान-मोठं लावणं, खरखरीत आणि गुळगुळीत ओळखणं, जोड्या जुळवणं, सगळं त्यांवर होत होतं. पुढे कोसबाडला पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात गेली.

साडेतीनाव्या वर्षी एबीसीडी पाठ असणं म्हणजे एक गाणं पाठ असणं. तुमच्या शिवारात त्या संचाहून जास्त सामान आहे. ज्वारीचं कणीस, तुरीची शेंग, करडईचं बी समोर ठेवा आणि वेगवेगळं करायला सांगा. जवळ बसा, त्या वयात बी नाकात जायला वेळ लागत नाही. आठवडी बाजारात त्याला बरोबर न्या आणि टोमॅटो त्याला निवडू द्या. रात्री झोपताना त्याला विचारा, आज बाजारात काय काय बघितलंस? सुरुवातीला तो एकच शब्द सांगेल. महिन्याभराने त्याची वाक्यं मोजा.

प्रश्न : मे महिन्यात मुंबईहून नातवंडं येणार आहेत, चार आणि सहा वर्षांची. गेल्या वर्षी अख्खी सुट्टी मोबाइलवर गेली. माझं वय सत्तर, फार धावपळ होत नाही. त्यांना कसं गुंतवावं? (एक आजोबा, रत्नागिरी)

आजोबा, तुमच्या दारात समुद्र आहे. पहिल्या दिवशी नातवंडांना कालनिर्णय आणून द्या आणि आजची तिथी शोधायला सांगा. मग आपलं कोकणातलं जुनं गणित : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, साधारण. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तास पुढे ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाच. तृतीयेला भरती सव्वादोनला, तर ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी सगळ्यात आत जातं, खडक उघडे पडतात, म्हणून तेच दिवस निवडा.

सहा वर्षांच्या नातवाला पाऊणपट जमणार नाही, ती तुम्ही करा. त्याला पाण्याच्या कडेला एक काठी रोवू द्या. अर्ध्या तासाने पाणी काठीच्या किती पावलं खाली गेलं, हे तो मोजेल. धाकटीला खडकांतल्या डबक्यापाशी तुमच्याजवळ उकिडवी बसवा. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो, कारण आत खेकडा राहत असतो. तो हाताळू नका, तिथेच राहू द्या. पाण्याकडे पाठ करून बसायचं नाही आणि पाणी चढायला लागलं की निघायचं, एवढा नियम दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

उन्हाच्या वेळी एखादा दिवस झाडगावच्या मत्स्यालयात न्या. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहिल्यावर दोघं त्याच्या बाजूने चालत त्याची लांबी मोजतील.

मोबाइलचं म्हणाल तर दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तो तास ठरलेल्या वेळीच द्या, म्हणजे दिवसभर मागणं होत नाही. आणि घराशेजारी पोफळी असतील तर पडलेल्या विऱ्या आत्तापासून जमवून ठेवा. एकाने विरीवर बसायचं, दुसऱ्याने देठ धरून अंगणभर ओढायचं. धावायचं काम तीच दोघं करतील. तुम्ही ओट्यावर बसून फेऱ्या मोजा, आणि विरी फाटली की दुसरी द्या.