कच्चा कैदी किती दिवस कच्चा?

एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे : ‘एकाच आठवड्यात तीन बातम्यांत तीन शब्द वाचले. कच्चा कैदी, न्यायाधीन बंदी आणि विचाराधीन कैदी. हे तिघं वेगवेगळे की एकच? शिवाय “कच्चा” हा शब्द कानाला हलका लागतो, माणसाचा उपमर्द केल्यासारखा. तो टाळावा का? आणि बाई असेल तर काय लिहायचं?’

तिघं एकच. ज्याच्यावरचा खटला चालू आहे किंवा अजून उभाही राहिलेला नाही, दोषी की निर्दोष ते ठरलेलं नाही, पण जो तुरुंगात आहे, तो. बोलताना आपण त्याला अंडरट्रायल म्हणतो.

यातला ‘विचाराधीन’ आधी बाजूला काढू, कारण तो हिंदीतून उचललेला आहे. हिंदीत खटला चालवण्याला ‘विचारण’ म्हणतात, म्हणून तिकडे तो शोभतो. मराठीत विचाराधीन असतो तो प्रस्ताव. पूल विचाराधीन असतो, वेतनवाढ विचाराधीन असते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. (त्या अर्थाने कैद्यालाही शब्द चपखल बसतो असं कोणी म्हणेल, पण ती थट्टा झाली.) कायद्याच्या मराठीत ट्रायलसाठी ‘न्यायचौकशी’ आणि ‘संपरीक्षा’ असे शब्द केलेले आहेत. संपरीक्षा हा शब्द कोर्टाच्या आवारात कोणाच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही. तिथे ‘केस चालू आहे’ म्हणतात.

‘न्यायाधीन बंदी’ हा कारागृह विभागाच्या कागदांतला शब्द. त्याची जोडी ‘सिद्धदोष बंदी’, म्हणजे शिक्षा झालेला. अर्थाने नेमका, पण छपाईत धोक्याचा. मी उपसंपादक असताना ‘न्यायाधीश बंद्यांची संख्या वाढली’ असा मथळा पानात लागला होता. रात्रपाळीच्या मुद्रितशोधकाने वाचवलं. दुसरी अडचण ‘बंदी’ची. मराठी कानाला बंदी म्हटलं की दारूबंदी, नोटाबंदी आठवते. ‘महिला बंदी विभाग’ अशी पाटी वाचून बायकांना आत जायला मनाई आहे असं एखादीला वाटलं, तर तिची चूक नाही.

आता ‘कच्चा’. बाईंना तो हलका वाटतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर कैरी आहे. कैरीचा आंबा होतो, कच्चं पिकतं. म्हणजे आज कच्चा कैदी तो उद्या पक्का होणारच, फक्त वेळ लागेल, असं सूचित होतं. शब्द तसा घेतला तर तो खरोखर वाईट आहे. पण मराठीत कच्चं दोन प्रकारचं असतं. एक झाडावरचं, दुसरं कागदावरचं. कच्ची पावती, कच्चा हिशेब, कच्चा खर्डा, तलाठ्याकडची कच्ची नोंद. इथे कच्चं म्हणजे ज्यावर अजून शिक्कामोर्तब झालेलं नाही, जे बदलू शकतं, खोडलंही जाऊ शकतं. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तलाठी फेरफाराची नोंद धरतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर तरी करतो नाहीतर रद्द तरी. कच्चा कैदी हा या घराण्यातला शब्द आहे. त्याच्यावरचा आरोप ही कच्ची नोंद. म्हणून मला हा शब्द आवडतो. ‘न्यायाधीन’मध्ये नुसती स्थिती आहे. ‘कच्चा’मध्ये घाई आहे, कारण कागदावरचं कच्चं फार दिवस कच्चं ठेवायचं नसतं.

आणि गडबड तिथेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतली 4,34,302 कच्ची. चारांत तीन. म्हणजे आपले तुरुंग हे मुख्यतः शिक्षा भोगण्याची जागाच नाहीत, वाट पाहण्याची जागा आहेत. मुंबईचा आर्थर रोड तुरुंग (रस्त्याचं नाव कधीच सानेगुरुजी मार्ग झालं, तुरुंगाला मात्र जुनंच चिकटलं) जेमतेम आठशे जणांसाठीचा म्हणून ओळखला जायचा आणि त्यात तीन-तीन हजार माणसं असायची, बहुतेक सगळी कच्ची.

हे काल-परवाचं नाही. 1979च्या जानेवारीत राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारमधल्या कच्च्या कैद्यांवर ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये लिहिलं. ते वाचून वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हुसैनारा खातून हे त्या अर्जातल्या एका स्त्रीचं नाव, पुढे खटल्याचंच नाव झालं. आत असे लोक सापडले की गुन्हा सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती, तरी ते कधीच सुटले असते. खटला वेळेत चालणं हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तिथे स्पष्ट झालं. पुढे 2005च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 436-अ आलं : कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा म्हणून काढला की जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायचं. तिच्या जागी 2024पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आधी कधीच दोषी न ठरलेल्यासाठी ही हद्द एक तृतीयांशावर आली आहे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असा आरोप असेल तर यातलं काही लागू नाही.

कच्च्याचे हक्क पक्क्यापेक्षा जास्त असायला हवेत, आणि कागदावर ते आहेतही. 1894च्या तुरुंग कायद्यातसुद्धा दोष न ठरलेल्यांना वेगळं ठेवा, त्यांना स्वतःचे कपडे घालू द्या, बाहेरून जेवण घेऊ द्या, असं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2015च्या मंडेला नियमांतही तेच. प्रत्यक्षात उलटं होऊन बसतं. पक्क्याला ‘संचित रजा’ मिळते, ‘अभिवचन रजा’ मिळते (फर्लो आणि पॅरोलला आपल्याकडे हे दोन देखणे शब्द आहेत), चांगल्या वागणुकीची सूट मिळते, आणि मुख्य म्हणजे सुटण्याचा दिवस ठाऊक असतो. कच्च्याला फक्त पुढची तारीख ठाऊक असते. शिक्षा झालीच तर आधी भोगलेले दिवस तीतून वजा होतात. निर्दोष सुटला तर ते दिवस कशातून वजा करायचे, याचा कुठल्याही संहितेत रकाना नाही. आदिवासींसाठी काम करणारे पाद्री फादर स्टॅन स्वामी झारखंडमधल्या कच्च्या आदिवासी कैद्यांचे खटले लवकर चालावेत म्हणून कोर्टात गेले होते. 5 जुलै 2021ला मुंबईत वारले तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि स्वतः कच्चे होते. त्यांच्या खटल्यात आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

तर बाई, खटकायचं असेल तर ‘कच्चा’ खटकू देऊ नका. माझं भांडण एका क्रियापदाशी आहे. ‘आरोपीला चौदा दिवसांची न्यायालयीन कोठडी सुनावली.’ सुनावतात ती शिक्षा. कोठडी ही शिक्षा नव्हे. तपासासाठी, खटल्यासाठी माणूस हाताशी राहावा एवढ्यापुरती ती. पण क्रियापद एकच वापरून वापरून आपण दोन्हींतली भिंत पाडली. हे काही भाषाशुद्धीवाल्याचं कुरकुरणं नाही. एका तालुक्याच्या कोर्टात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एक आजी, नाकात मोठी नथ, हातात पिशवी. नातवाला चौदा दिवस ‘लागले’, असं तिला कोणी सांगितलेलं. बरोबर चौदाव्या दिवशी ती आली. पिशवीत त्याचा धुतलेला शर्ट, नवी चप्पल आणि शेंगदाण्याचे लाडू. कारकुनाला म्हणाली, ‘साहेब, भरले त्याचे दिस.’ कारकून रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाला, ‘एमसीआर वाढला, आजी.’ एमसीआर म्हणजे मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड, आपली न्यायालयीन कोठडीच. तिला एमसीआर कळला नाही. वाढला एवढं कळलं. ती विचारत राहिली, ‘आता काय केलं त्यानं आत?’ तिच्या हिशेबाने शिक्षा वाढते ती नवा गुन्हा केला तरच. तिचं मराठी बरोबर होतं, आपलं चुकलेलं आहे. ‘न्यायालयीन कोठडीत पाठवलं’, ‘कोठडी दिली’, ‘कोठडी वाढवली’ हे शब्द हाताशी असताना ‘सुनावली’ कशाला?

तसंच ‘जेरबंद’चं. फारसीत जेर म्हणजे खाली. घोड्याने मान उधळू नये म्हणून मानेखालून बांधतात तो पट्टा म्हणजे जेरबंद. आपल्याकडे बिबट्या जेरबंद होतो आणि संशयितही. ‘बेड्या ठोकल्या’ तर रोजचंच. प्रेमशंकर शुक्ला यांच्या खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने कच्च्या कैद्याला सरसकट हातकडी घालायला मनाई केली. नव्या संहितेने काही गंभीर गुन्ह्यांसाठी आणि सराईतांसाठी मुभा दिली आहे, सगळ्यांसाठी नाही. मथळ्यात मात्र मोबाईलचोरालाही पोलिसांच्या आधी आपण बेड्या ठोकतो.

याच घरातला अजून एक शब्द बघण्यासारखा आहे : जामीन. अरबीत जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस. मराठीतही ‘मी त्याला जामीन राहतो’ असं आपण कर्जाच्या वेळी म्हणतोच. पुढे सुटकेलाच जामीन म्हणू लागले आणि माणसासाठी ‘जामीनदार’ असा नवा शब्द करावा लागला. म्हणून आज असं वाक्य बरोबर ठरतं की जामीन मिळाला पण जामीन मिळेना. मोतीराम नावाच्या गवंड्याचं 1978 साली हेच झालं. मध्य प्रदेशातला माणूस. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी शेवटी हजाराच्या जातमुचलक्यावर सोडा म्हणून सांगितलं. (जातमुचलक्यातली जात ही जातीपातीची नव्हे. ‘जातीने हजर राहा’मधली, म्हणजे स्वतः. मुचलका तुर्की.) आजही ऐपतीचा दाखला देणारा कोणी नाही म्हणून जामीन मंजूर झालेली माणसं आत बसून असतात. आणि सगळं जुळलं तरी कागद वेळेत पोचायला लागतो. आर्थर रोडच्या बाहेर एक जामीन पेटी असते, पोस्टाच्या पेटीसारखी. सुटकेचा आदेश संध्याकाळी साडेपाचच्या आत तीत पडला नाही तर मुक्काम एका रात्रीने वाढतो. 2021च्या ऑक्टोबरात एका नामांकित नटाच्या मुलाचं तसं झालं तेव्हा ती पेटी टीव्हीवर झळकली. पुढे त्या मुलावर आरोपपत्रही दाखल झालं नाही.

एक शब्द मात्र कच्च्या कैद्यासाठी वापरू नका : ‘स्थानबद्ध’. स्थानबद्ध म्हणजे ज्याने काही केल्याचा आरोप नाही, पण करील अशा शंकेने आत ठेवलेला. फरक किती खरा आहे ते मतदानाच्या दिवशी दिसतं. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62(5)प्रमाणे तुरुंगातल्याला मत देता येत नाही, मग तो कच्चा असो की पक्का, स्थानबद्धाला येतं. निवडणूक लढवायला मात्र कच्च्याला अडचण नाही. जॉर्ज फर्नांडिस 1977 साली बडोदा डायनामाईट खटल्यात आत असताना मुजफ्फरपुरातून निवडून आले, हातकडीचा हात उंचावलेल्या त्या फोटोवर. दुसऱ्यांची लाखो मतं घेता येतात, स्वतःचं एक देता येत नाही.

राहिला बाईंचा शेवटचा प्रश्न. बाई असेल तर ‘कच्ची कैदी’. विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कैदीण करायची गरज नाही. सामान्यरूप पुरुषाचं कैद्याला, कैद्याचा. बाईचं कैदीला, कैदीचा. अनेकवचनात दोघांचंही कैद्यांना. कारागृह विभाग ‘बंद्यांना’ लिहितो, तेही व्याकरणात बसतं. 1982च्या मे महिन्यात पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा बायकांशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्यातून बायकांसाठी वेगळी कोठडी, स्त्री पोलिसांचा पहारा, अटक होताच नातेवाइकाला आणि विधी साहाय्य समितीला कळवणं, हे 1983चे आदेश निघाले. कच्च्या कैद्यांचे हक्क म्हणून वर्गात काही सांगायचं झालं तर बाई, तिथून सुरुवात करा. आणि फळ्यावर ‘कच्ची नोंद’ आधी लिहा, ‘कच्चा कैदी’ मग.