इस्तंबूलमध्ये एक दिवस निवांत ठेव

अरे, तीन आठवड्यांची ट्रिप आहे ना तुझी, मग इस्तंबूलला एक दिवस मोकळाच सोड. आपल्याकडचे पहिल्यांदा बाहेर पडणारे पैसे वसूल करायच्या नादात रोज पाच-सहा ठिकाणं कोंबतात, मीपण तेच केलं आणि दहाव्या दिवशी पाय इतके भरून आले की अख्खा दिवस खोलीतच गेला, फार वाईट वाटलं होतं.

त्या दिवशी एवढंच कर. सकाळी एमिनोनूच्या धक्क्यावरून कादिकॉयची बोट पकड. आपली दाभोळ-धोपावे फेरी आठवेल, पण इथे वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात उतरतोस! बाहेरच्या बाकावर बस, चहा घे (छोट्या पेल्यात, बिनदुधाचा मिळतो), सोबत सिमित म्हणजे तीळ लावलेला गोल पाव घे, त्यातला अर्धा तर सीगल मागतीलच. पलीकडे मासळीबाजार आहे तिथे मनसोक्त रेंगाळ, गुहागरच्या माणसाला बांगड्याचे भाऊबंद ओळखायला भाषा लागत नाही. मग जवळच्याच मोडा भागाच्या किनाऱ्यापर्यंत चालत जा, सूर्यास्त बघ आणि परत ये. बस्स.

नवीन लोकांच्या चुका:
- इस्तंबूलकार्ट (तिथलं प्रवासाचं कार्ड) न घेणं. बोट, ट्राम, मेट्रो सगळीकडे चालतं, पहिल्याच दिवशी घे.
- वार न बघणं. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, ग्रँड बझार रविवारी.
- कोरे बूट. महिनाभर घरी वापरून मगच ने.

बॉस्फरस सामुद्रधुनीतली बोटीची लांब सफर, म्युझियम पास वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस, तिकिटं झाली की विचार, सांगतो.