कोल्हापूरच्या शाहूपुरीत 16 वर्षं जुना टू बीएचके बघतोय, मालक 46 लाख म्हणतोय. किती कमी सांगू?

तुम्ही लिहिलंय की दुसरा मजला, लिफ्ट नाही, एजंट म्हणतो "1050 स्क्वेअर फूट आहे, दोन-तीन लाख उतरतील", आणि मित्र म्हणतात 10 टक्के कमी सांग. या दोघांचंही ऐकू नका. टक्के मालकाच्या आकड्यावरून काढले की सगळा व्यवहार त्याच्याच आकड्याभोवती फिरतो. 46 हा आकडा मालकाने कुठून आणला? कदाचित शेजारच्या नव्या इमारतीचा भाव ऐकून, कदाचित मुलाला पुण्यात फ्लॅट घ्यायला तेवढे कमी पडतात म्हणून. तुमचा आकडा तुम्ही तळापासून बांधा, मग 46 मधून किती उतरले याची फिकीर करू नका.

सुरुवात क्षेत्रफळापासून. 1050 हे सुपर बिल्टअप असणार, त्यात जिना आणि पॅसेजसुद्धा धरलेला असतो. मूळ करारपत्रातलं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, बघा, आणि टेप घेऊन खोल्या स्वतः मोजा. कार्पेट 780 निघालं असं धरू. म्हणजे मालक कार्पेटला जवळपास 5,900 रुपये फूट मागतोय. इथून पुढे प्रत्येक तुलना कार्पेटवरच करा.

मग शेजारी प्रत्यक्षात काय विकलं गेलं ते शोधा. जाहिरातीतले भाव उपयोगाचे नाहीत, ते सगळे मागणीचेच आकडे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जिल्हा कोल्हापूर, तालुका करवीर निवडून सिटी सर्व्हे नंबर टाकला की त्या मिळकतीचे दस्त दिसतात. इंडेक्स टू, म्हणजे त्या दस्ताचा नोंदणी कार्यालयातला गोषवारा, उघडा. त्यात मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्रफळ हे तीन रकाने महत्त्वाचे. बाजारभाव म्हणजे रेडीरेकनरने (सरकारी दरतक्त्याने) काढलेली किंमत, मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली रक्कम. इथे एक सावधगिरी: दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील तर तो दस्त बाजूला ठेवा, वरची रक्कम रोखीत गेलेली असू शकते. मोबदला बाजारभावापेक्षा स्पष्ट जास्त आहे असे गेल्या दोन वर्षांतले चार-पाच दस्त धरा, शक्यतो त्याच इमारतीतले किंवा त्याच गल्लीतल्या तेवढ्याच जुन्या इमारतींतले. इंडेक्स टूमधलं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर 10.764 ने गुणा, आणि ते कार्पेट आहे की बिल्टअप (भिंती धरून) हे वाचून घ्या. बहुतेकांची गफलत इथेच होते.

समजा भाव 5,300 च्या आसपास निघाला. 780 गुणिले 5,300 म्हणजे 41,34,000. आता घराची अवस्था वजा करायची. त्यासाठी दुसऱ्यांदा जा, आणि पावसाळ्यात जमलं तर फारच बरं. बाथरूमच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर हाताची पालथी बाजू टेकवा. ओल असेल तर तिथे गार लागतं, रंगाला फुगे येतात, पांढरा लोणा बोटाला लागतो. कपाट भिंतीला चिकटून असेल तर पुढे ओढून मागे बघा. एकाच खोलीच्या छताला ताजा रंग असेल तर वरच्या बाथरूमची गळती झाकलेली असण्याची शक्यता मोठी. बीमच्या खालच्या कडेने सरळ लांब भेग आणि तांबूस डाग म्हणजे आतली सळी गंजून फुगली आहे, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच आणा. कामाचा अंदाज कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी घ्या. वॉटरप्रूफिंग, वायरिंग आणि प्लंबिंग मिळून 2,20,000 आले असं धरलं तर तुमचा आकडा 39,14,000 होतो. तुमच्या आवडीने नवं करायचं फर्निचर, रंग, टाइल्स यांचे पैसे यात वजा करू नका. मालकाला ती तुमची हौस वाटते, आणि ते खरंही आहे.

शाहूपुरी म्हटल्यावर पुराचं विचारायलाच हवं. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला पुराची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पंचगंगा 50 फुटांच्या वर गेली आणि जयंती नाल्याच्या बाजूने शाहूपुरीतल्या कित्येक गल्ल्यांत पाणी शिरलं. दुसऱ्या मजल्यावर घर कोरडं राहतं, पण पार्किंग, वीज मीटर आणि जमिनीखालची पाण्याची टाकी बुडते. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ शोधा, मीटर नंतर वर सरकवले आहेत का बघा, वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा. मिळकत निळ्या पूररेषेच्या (नेहमीच्या पुराची हद्द) आत आहे की निळ्या आणि लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) मधे, हे नकाशावर तपासून घ्या. निळ्या रेषेच्या आत पुनर्बांधणीवर मोठी बंधनं येतात. 16 वर्षं जुन्या इमारतीत तुम्ही खरं तर जमिनीचा वाटाही विकत घेत असता, त्यामुळे अशा ठिकाणी मी आकडा आणखी खाली नेईन. तुलनेचे दस्त त्याच गल्लीतले असतील तर पूर भावात आधीच उतरलेला असतो, दोनदा वजा करू नका.

कागदांतल्या दोषाला मात्र सूट नसते. मालकाच्या बहिणीचं हक्कसोडपत्र झालेलं नाही किंवा मिळकत पत्रिकेवर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव आहे, आणि "तीन लाख कमी करतो" असं ऐकू आलं तर थांबा. आधी त्यांनी ते पूर्ण करावं, वकिलाकडून मालकीच्या कागदांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट यावा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) बघावं, मग आकडा बोलावा.

खाली जायलाही मर्यादा आहे. रेडीरेकनरने मूल्यांकन 42 लाख आलं आणि तुम्ही 38 लाखांत घेतलं, तर मुद्रांक शुल्क 42 वरच भरावं लागतं. शिवाय फरक 10 टक्क्यांपेक्षा, म्हणजे इथे 3,80,000 पेक्षा जास्त असल्याने पूर्ण 4 लाख तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. रेडीरेकनर काढताना इमारतीच्या वयाची घट आणि लिफ्ट नसल्याची सवलत धरली आहे ना, हे बघा.

वरची मर्यादा बँक ठरवते. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक मूल्यांकनाच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते. सौदा 40 लाखांचा झाला आणि बँकेच्या व्हॅल्युअरने 38 लावले तर कर्ज 32 ऐवजी 30.4 लाख मिळेल, 1,60,000 तुमच्या खिशातून. त्यावर 40 लाखांना मुद्रांक 6 टक्के, 2,40,000, आणि नोंदणी 30,000. घर फक्त पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत, 40,000 वाचतात.

आता बोलणी. 39,14,000 हा आकडा आला, पार्किंग चांगलं आहे म्हणून तुम्ही जास्तीत जास्त 40 पर्यंत जाल असं घरात बसून कागदावर लिहून ठेवा. पहिला आकडा 37,75,000 सांगा. 46 च्या मानाने हे 18 टक्के कमी वाटेल, पण मालकाने 40 मागितले असते तरी मी हेच सांगितलं असतं. आकडा सांगताना दस्तांच्या प्रती आणि कॉन्ट्रॅक्टरचा अंदाज समोर ठेवा: "काका, याच गल्लीतले हे चार व्यवहार, आणि हे गळतीचं काम. म्हणून माझा आकडा असा येतोय." मग गप्प बसा. पुढच्या वाढी लहान होत जाऊ द्या: आधी 1 लाख, मग 60,000, मग 25,000. "मधलं धरा की" असं एजंट म्हणेल. 46 आणि 37.75 चं मधलं 41.87 येतं, ते तुमच्या मर्यादेबाहेर आहे, म्हणून नाही म्हणा. आकडा अडला तर थकलेला घरफाळा, मेंटेनन्सची बाकी, ट्रान्सफर फी, ताबा कधी, यावर बोला. मालकाला नवं घर मिळेपर्यंत दोन महिने राहायचं असेल तर ती मुदत त्याला लाखभर रुपयांइतकी मोलाची असते.

काही रक्कम रोखीत मागितली तर नको म्हणा. स्थावर मिळकतीत 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो, आणि दस्तात किंमत कमी लिहिली की तुमचं कर्जही कमी होतं.

संचकार, म्हणजे विसाराची रक्कम, चेकने द्या, 51,000 पुरेत, आणि संचकारपत्रात दोन वाक्यं लिहून घ्या: बँकेने कर्ज नाकारलं तर रक्कम 15 दिवसांत परत, आणि सर्च रिपोर्टात दोष निघाला तरी परत. मालक 46 वरून 42 च्या खाली येतच नसेल तर फोन नंबर देऊन या आणि महिन्याभराने विचारा. पितृपक्षात सौदे थंडावतात, तेव्हा तोच मालक वेगळं बोलू शकतो.